गाडी घाटात बंद पडली तर नक्की येणार कोण? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : नमस्कार दादा. माझ्याकडे २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीत आम्ही गुहागरला गावी जातो, एरवी गाडी साताऱ्यातच फिरते. यंदा मे मधे कुंभार्ली घाटात क्लचप्लेट गेली. बरोबर आई होती, तिला शुगर आहे, दुपारचं जेवण टळलं आणि ती घामाघूम झाली, मी पुरता घाबरलो. शेवटी एका टेम्पोवाल्याने ओळखीची क्रेन बोलवून दिली, चिपळूणपर्यंत साडेसहा हजार घेतले. आता एजंट म्हणतो इन्शुरन्समधेच आरएसए (गाडी रस्त्यात बंद पडली तर मदत) टाका, मेव्हणा म्हणतो ऑनलाइन ९९९ चा प्लॅन घे, सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात आमचं दोन वर्षांचं एकदम घ्या. स्वस्त पण पाहिजे आणि वेळेला गाडी पण यायला पाहिजे. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी आईंसाठी एक गोष्ट सांगतो, मग पैशांचं बोलू. गाडीत कायम एक डबा ठेवा, त्यात बिस्किटं, साखर, पाण्याची बाटली आणि त्यांच्या एका दिवसाच्या गोळ्या. मदत कितीही चांगली असली तरी घाटात दोन-तीन तास जातातच, आणि शुगरच्या माणसाला तेवढा वेळ खूप झाला.

आता मुद्द्याचं. हे जे आरएसए म्हणजे रोडसाइड असिस्टन्स विकतात ना, त्या कंपनीच्या स्वतःच्या क्रेन नसतात हो बहुतेक ठिकाणी. तुम्ही फोन केला की तो कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या कॉल सेंटरला जातो, तिथून तुमच्या जवळच्या क्रेनवाल्यांना मेसेज जातो की अमुक ठिकाणी अशी गाडी आहे, कोण घेतंय? जो हो म्हणेल तो येतो. आणि कोणीच हो म्हणालं नाही तर तुम्हाला "सर, आम्ही वेंडर अरेंज करतोय" हे वाक्य दर अर्ध्या तासाने ऐकायला मिळतं. विश्वासार्ह की नाही हा प्रश्न म्हणूनच जाहिरात बघून सुटत नाही, तुमच्या रस्त्यावरचा क्रेनवाला त्या कंपनीचा कॉल उचलतो की नाही यावर सगळं आहे.

हे मला कळलं ते आंबा घाटात. चार वर्षांपूर्वीचा जुलै, रत्नागिरीहून कोल्हापूरला येत होतो, साखरपा सोडून घाट चढायला लागलो आणि बॅटरीचा लाल दिवा लागला, पाठोपाठ स्टिअरिंग जड झालं, तापमानाचा काटा वर. बेल्ट तुटला होता. धुकं एवढं की बॉनेटच्या पुढचं दिसत नव्हतं, पाऊस आडवा लागत होता आणि मोबाइलला एक काडी नाही. माझ्याकडे आरएसए होतं बरं का, कार्ड पाकिटात होतं, पण रेंजच नाही तर फोन कुणाला करणार. शेवटी खाली उतरणारी एक एसटी थांबवली, कंडक्टरच्या हातात चिठ्ठी दिली, कार्डावरचा नंबर, पॉलिसी नंबर, गाडीचा नंबर आणि शेजारच्या किलोमीटरच्या दगडावर जे लिहिलं होतं ते सगळं. त्या माणसाने साखरप्याला उतरून चहाच्या टपरीवरून स्वतःच्या मोबाइलने फोन केला. त्याचं नावही मी विचारलं नाही तेव्हा, याची अजून रुखरुख आहे.

गाडी आली साडेतीन तासांनी. क्रेनवाला भला माणूस, चेन लावता लावता बोलत होता. म्हणाला, "सायेब, कंपनी जो रेट देते त्यात घाटातलं डिझेल पण निघत न्हाय, आणि बिल तीन-तीन म्हयने अडकतं. म्हणून घाटातला कॉल आला की पोरं फोनच उचलत न्हायत. तुमच्यावाली कंपनी जरा बरी, पैशे येळेवर देते." मला त्या दिवशी कळलं की गाडीवाल्याने काय तपासायचं असतं. विकणाऱ्याला काय विचारताय, जो ओढून नेणार आहे त्याला विचारा.

तर तुम्ही असं करा. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा पाटणला आणि चिपळूणला एकेका मोठ्या गॅरेजपाशी किंवा क्रेन उभी असते तिथे दहा मिनिटं थांबा, आणि सरळ विचारा की तुम्ही कुठकुठल्या कंपन्यांचे कॉल घेता आणि कुठल्या कंपनीचे पैसे वेळेवर मिळतात. दोन-तीन नावं तुम्हाला लगेच कळतील, त्यातलंच घ्या. आणि निघताना त्याचा खासगी नंबरही घेऊन ठेवा, कागदावर, कारण फोनची बॅटरी पण नेमकी तेव्हाच संपते.

दुसरी गोष्ट टोचनचे किलोमीटर. पत्रकावर पंधरा सुविधांची यादी असते, पंक्चर, जंप स्टार्ट, चावी आत राहिली तर दार उघडून देणं, पाच लिटर पेट्रोल आणून देणं (पेट्रोलचे पैसे आपलेच बरं का, फक्त आणणं फुकट), हॉटेल, टॅक्सी, काय काय. ते सगळं ठीक आहे, पण पंक्चरवाला दोनशे-तीनशे रुपयांत मिळतो, खरा खर्च गाडी उचलून नेण्याचा असतो. तेव्हा वाचायचं ते एवढंच की गाडी किती किलोमीटर फुकट नेणार, वर्षातून किती वेळा, आणि कुठे. काही प्लॅनमधे ५० किलोमीटर लिहिलेलं असतं पण ते क्रेनचं जाऊन-येऊन धरतात, म्हणजे तुमच्या वाट्याला पंचवीसच येतात. घाटातून चिपळूण तिसेक किलोमीटर आणि कराड साठच्या पुढे, तर असा प्लॅन घेऊन तुमची गाडी चिपळूणला सुद्धा फुकट पोचणार नाही. वरच्या प्रत्येक किलोमीटरला वेगळे पैसे, टोल पण आपलाच. शिवाय बऱ्याच ठिकाणी "जवळच्या अधिकृत वर्कशॉपपर्यंत" असं असतं, म्हणजे तुम्ही म्हणालात की मला साताऱ्याला माझ्या मिस्त्रीकडे न्या, तर नाही नेणार, किंवा जादा पैसे मागतील. हे आधी माहीत असलं की रस्त्यावर भांडण होत नाही.

एक ओळ अजून शोधा. काही प्लॅन तुमच्या शहरापासून ठराविक अंतरापर्यंतच चालतात, आणि ही ओळ अगदी बारीक अक्षरात असते. गुहागर त्या अंतराच्या बाहेर गेलं तर वर्षभराचे पैसे पाण्यात.

आता तिघांपैकी कुणाचं ऐकायचं. त्याआधी पॉलिसीची पीडीएफ उघडा आणि ॲड-ऑनच्या (मूळ विम्यावर जादा पैसे भरून घेतलेल्या सोयींच्या) रकान्यात रोडसाइड असिस्टन्स आधीच आहे का बघा. मी हे कळकळीने सांगतोय कारण माझ्या सख्ख्या बहिणीने दोन वर्षं दोन्हीकडे पैसे भरले, पॅकेजमधे ते होतंच, तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तुमची गाडी सेकंडहँड आहे म्हणून हेही बघा की पॉलिसी तुमच्या नावावर झाली आहे का. आरसी नावावर झाली की बरेच जण निवांत होतात, पण पॉलिसी १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्यावा लागतो, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम आणि हे ॲड-ऑन, दोन्ही ऐनवेळी उपयोगी पडत नाहीत.

आणि "इन्शुरन्समधे टोचन असतंच की" असं कोणी म्हणालं तर अर्धं खरं आहे ते. आपल्या नेहमीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत जवळच्या गॅरेजपर्यंत गाडी नेण्याचा खर्च मिळतो, पण एका अपघाताला जास्तीत जास्त १,५०० रुपये, आणि तोही गाडीचं नुकसान पॉलिसीत बसणारं असेल तर. क्लचप्लेट गेली, बेल्ट तुटला, बॅटरी उतरली, यातलं काहीच त्यात येत नाही.

माझं मत असं की इन्शुरन्समधलं ॲड-ऑन बहुतेकांना सगळ्यात स्वस्त पडतं, काही शे रुपयांचं काम आहे, वर १८ टक्के जीएसटी. ते वापरलं म्हणून सहसा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल रिन्युअलला मिळणारी सूट) जात नाही, ही भीती बऱ्याच जणांना असते आणि त्यापायी लोक फोनच करत नाहीत. पण ते रिन्युअलच्या वेळीच घ्यावं लागतं, पॉलिसी चालू असताना मधेच सहसा देत नाहीत, आणि तुमची गाडी नऊ-दहा वर्षांची असल्याने कंपनीची वयाची अट विचारून घ्या, प्रत्येकाची वेगळी आहे. रिन्युअलला अजून सहा-आठ महिने असतील आणि गणपती तोंडावर असतील तर तेवढ्यापुरता वेगळा प्लॅन घ्या, पण निघायच्या आदल्या रात्री नाही, कारण अशा बऱ्याच प्लॅनना सुरुवातीचे काही दिवस कोरडे असतात, त्यात मदत मिळत नाही. सर्व्हिस सेंटरचं दोन वर्षांचं वाईट नसतं, त्यांचा मिस्त्री गाडी ओळखतो आणि पार्ट मिळतात, फक्त दोन वर्षं गाडी ठेवणारच आहात का ते ठरवा.

मी तुमच्या जागी असतो तर ९९९ वालं घेतलं नसतं, निदान त्याचे किलोमीटर लेखी बघितल्याशिवाय तरी नाही. दोन-चारशे रुपये जास्त जाऊदेत पण एका बाजूचे शंभर किलोमीटर मिळूदेत, तुमच्या त्या एका दिवसाचेच साडेसहा हजार गेलेत.

प्रश्न : माझी गाडी चौदा वर्षांची आहे, फक्त थर्ड पार्टी इन्शुरन्स आहे. मुलगी कॉलेजला नेते, नाशिकमधेच. मला कोणी आरएसए देईल का? की घेऊच नये?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, थर्ड पार्टीवर हे ॲड-ऑन साधारणपणे मिळत नाही, कारण ते स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याला जोडलेलं असतं. वेगळा प्लॅन मिळेल, जुन्या गाड्यांना देणारे आहेत. मुंबईत १९१९ पासून चालू असलेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आहे, तिथे सभासद होता येतं आणि सभासदांना गाडी बंद पडल्यावर मदत मिळते, नाशिकमधे तुमच्या भागात काय मिळेल ते त्यांना फोन करून विचारा.

पण गाडी शहराबाहेर जातच नसेल तर मी म्हणेन तेच हजार-दीड हजार आधी गाडीवर खर्च करा. जुनी गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा बॅटरी, टायर, बेल्ट आणि कूलंट या चारांपायी. बॅटरीला चार वर्षं होऊन गेली असतील तर बदला, तिची परीक्षा बघत बसू नका. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा एक शिक्का असतो, समजा ३२१९, म्हणजे २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही चांगली दिसू दे, सहा-सात वर्षं झालेला टायर काढायचा. स्टेपनीचा शिक्का पण बघा, बऱ्याच गाड्यांत ती अजून मूळ शोरूमचीच निघते आणि तिच्यात हवाच नसते.

आणि मुलीला एकदा रविवारी सकाळी बिल्डिंगखाली टायर बदलायला लावा. तुम्ही शेजारी उभ्या राहा, हात लावू नका. नट आधी सैल करायचे मग जॅक चढवायचा, उलटं केलं तर चाक नुसतं फिरत राहतं. जंपर केबल घेऊन द्या आणि क्रम पाठ करून घ्या, लाल वायर आधी बंद बॅटरीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला, काळी चालू गाडीच्या मायनसला आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला नाही तर इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, म्हणजे ठिणगी तिथे उडते. जवळच्या गॅरेजवाल्याचा आणि वायरमनचा नंबर तिच्या फोनमधे. शहरातल्या शहरात याहून चांगलं कव्हर मला तरी माहीत नाही.

रात्री एकटी असताना गाडी थांबली तर आधी ११२, मग तुम्हाला फोन, मग गॅरेज, हा क्रम तिला सांगून ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे इलेक्ट्रिक गाडी आहे, समृद्धीवरून नागपूर-शिर्डी जायचा विचार आहे. चार्जिंग संपलं किंवा टायर फुटला तर?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : इलेक्ट्रिकला एकच हट्ट धरायचा, गाडी फ्लॅटबेडवरच जाईल, म्हणजे चारही चाकं वर. चालणारी चाकं जमिनीवर ठेवून ओढली की ती फिरतात, त्यांच्याबरोबर मोटर फिरते आणि बिघडू शकते. फोन करताना पहिल्या वाक्यातच "इलेक्ट्रिक आहे, फ्लॅटबेड पाठवा" म्हणा, नाहीतर पुढची दोन चाकं उचलणारी साधी क्रेन येते, ती परत पाठवावी लागते आणि दोन तास अजून जातात. ऑटोमॅटिक आणि चारही चाकांना इंजिनची ताकद जाणाऱ्या (फोर-व्हील ड्राइव्ह) गाड्यांचंही हेच. नवी गाडी असेल तर कंपनीचं आरएसए बहुतेक पहिली काही वर्षं असतंच, त्यात चार्जिंग संपणं धरलंय का ते वाचा, सगळ्यांत नसतं.

समृद्धी ७०१ किलोमीटरचा सरळसोट रस्ता, हलक्या गाड्यांना १२० ची मर्यादा, उन्हाळ्यात काँक्रीट तापतं आणि टायर फुटतात, ते जीवावरचं आहे. नागपूर सोडताना थंड टायरची हवा मोजा, कंपनीने दाराच्या चौकटीवर लिहिली आहे तेवढीच भरा. आणि डिकी उघडून बघा की स्टेपनी आहे का, कारण बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत नुसतं पंक्चर किट देतात, बाजू फाटलेल्या टायरला त्याचा काही उपयोग नाही.

राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ लावा, फुकट आहे, चोवीस तास, टोलच्या रस्त्यावर त्यांची ॲम्ब्युलन्स आणि क्रेन असते. पण त्या क्रेनचं मुख्य काम रस्ता मोकळा करणं, ती तुमची गाडी तुमच्या गावच्या गॅरेजला नेऊन देईल हे धरून चालू नका. समृद्धी आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवे हे एमएसआरडीसीचे (महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचे) रस्ते, त्यांचे मदतीचे नंबर वेगळे आहेत, रस्त्यावरच्या बोर्डावर असतात, आत शिरतानाच शेजारी बसलेल्याला फोनमधे टाकायला सांगा.

आणि बंद पडल्यावर गाडीत बसून राहू नका, प्लीज. डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर, लाल त्रिकोण मागे शंभरेक पावलांवर, आणि सगळे जण कठड्यापलीकडे. मागून येणारा ट्रक १०० च्या वेगात डुलकी घेत असू शकतो.

प्रश्न : मी ऑनलाइन वर्षाचा प्लॅन घेतला. मार्चमधे खंबाटकीच्या अलीकडे गाडी बंद पडली, चार तास "येतोय येतोय" केलं आणि मग कॉल क्लोज केला. स्वतः ४,८०० देऊन गाडी पुण्याला नेली. आता मेलला उत्तर नाही. विमा लोकपालाकडे जाऊ का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचा राग अगदी रास्त आहे, पण दार चुकू नये म्हणून आधी एक बघा. तुमच्या कागदावर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर आहे, की नुसतं मेंबरशिप? विम्यातलं ॲड-ऑन असेल तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा, महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. त्याआधी विमा नियामकाच्या १५५२५५ या नंबरवर किंवा त्यांच्याच बिमा भरोसा पोर्टलवर पण तक्रार टाकता येते.

नुसती मेंबरशिप असेल, आणि तुम्ही सांगताय त्यावरून मला तेच वाटतंय, तर तो विमा नाही, सेवा आहे. लोकपाल तुमचं घेणार नाहीत. मग १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. बऱ्याचदा तिथूनच फोन गेला की कंपनी पैसे परत करते. नाहीच केले तर जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही.

कागद आजच गोळा करा, कॉल लॉगचे स्क्रीनशॉट वेळेसकट, त्यांनी पाठवलेले मेसेज, तक्रार नंबर, आणि क्रेनवाल्याची पावती. पावती नसेल तर ज्या यूपीआयने पैसे दिले त्याची नोंद काढा आणि क्रेनवाल्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या, कुठून कुठे, किती वाजता, किती पैसे, सही. आणि मागणी करताना नुसते ४,८०० मागू नका, प्लॅनचे भरलेले पैसेही परत मागा.